चेक नको, वही दाखवा

गेल्या दिवाळीत बहिणीचा मुलगा फराळाला आला होता. चिवड्याची वाटी बाजूला सारून त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. "मावशी, यात माल भरायचा नाही, माणसं जोडायची नाहीत. नुसती लिंक टाकायची. कुणी प्रोटीनचा डबा घेतला की बारा टक्के आपले. तू सात वर्षं केलंयस ना हे? सांग, करू का?"

"नाही" म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण २०१२ मध्ये मलाही काही जण नुसतं "नको" म्हणाले होते. का नको, ते कुणी सांगितलं नाही, आणि म्हणूनच मी त्यांचं ऐकलं नाही. मी त्याला म्हटलं, "आधी खाऊन घे. मग कागद-पेन घेऊन बस." त्या दुपारी आम्ही दोघांनी जो हिशेब मांडला, तो मी माझ्या वेळी मांडला असता तर माझी सात वर्षं वाचली असती आणि काही माणसं दुरावली नसती. म्हणून हे लिहिते आहे.

मी नाशिकला सिडकोत राहते. आमचे हे सातपूरच्या कारखान्यात होते. धाकटी शाळेत जायला लागली तेव्हा मी पोस्टाची एजन्सी घेतली, महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेची. काम साधं. घरोघर जाऊन आरडीचा हप्ता गोळा करायचा, कार्डावर नोंद करून सही करायची आणि पैसे पोस्टात भरायचे. शंभराला चार रुपये कमिशन. २०१२ पर्यंत माझ्याकडे एकशे चाळीस घरं झाली होती. कितीतरी बायका घरात कुणाला न सांगता माझ्याकडे शंभर-दोनशे रुपये ठेवायच्या. कुणाची मुलगी कितवीला आहे, कुणाच्या घरात कर्जाचा हप्ता थकलाय, कुणाला शुगर आहे, हे सगळं मला ठाऊक असायचं. मी कधी चौकशी करत नसे. पैसे मोजता मोजता बायका आपणहून सांगायच्या.

त्याच सुमारास माझं वजन वाढलं होतं आणि गुडघे दुखत होते. ओळखीच्या एका बाईंनी त्यांच्या न्यूट्रिशन सेंटरवर बोलावलं. सकाळी शेक, त्याआधी कोमट हर्बल चहा, रात्री पुन्हा शेक, मधे एकच जेवण. सव्वा महिन्यात माझं सहा किलो वजन उतरलं. हे खरं होतं, आणि इथेच मी फसले. आपल्या अंगावर आलेला अनुभव खोटा कसा म्हणायचा? पण त्या सव्वा महिन्यात मी रात्रीचं जेवण सोडलं होतं, साखरेचा चहा बंद केला होता आणि रोज पाऊण तास चालत होते. पहिल्या आठवड्यात जे उतरतं त्यात पाण्याचाही मोठा भाग असतो. एवढं केल्यावर डबा न घेताही वजन उतरलंच असतं. हा विचार मला तेव्हा सुचला नाही आणि कुणी सुचवलाही नाही. सेंटरमध्ये सगळ्याचं श्रेय डब्याला जायचं.

दोन महिन्यांनी मी विक्रेती म्हणून कंपनीचा आयडी उघडला. त्याच संध्याकाळी माझ्या अपलाइनने, म्हणजे साखळीत माझ्या वर असलेल्या बाईंनी, कोरी वही पुढ्यात ठेवली. म्हणाल्या, "ताई, ओळखीच्या शंभर माणसांची नावं लिहा. हा गरीब, त्याला परवडणार नाही, असा विचार करायचा नाही. नुसती लिहीत जा." बाकीच्यांना शंभर नावं काढताना घाम फुटायचा. मी आरडीची कार्डं पुढे घेतली आणि अर्ध्या तासात यादी पूर्ण केली. अपलाइनने माझ्या पाठीवर थाप मारली. या धंद्यात ओळखीच्या माणसांना 'वॉर्म मार्केट' म्हणतात. आठ वर्षं उन्हातान्हात फिरून जो विश्वास कमावला होता, त्याला त्या दिवशी मी बाजार म्हणायला शिकले.

चांगलं काहीच नव्हतं असं मी म्हणणार नाही. भाड्याच्या गाळ्यात सकाळी साडेपाचला माझं सेंटर उघडायचं. ज्या बायका घराबाहेर पडत नव्हत्या त्या पहाटे उठून येऊ लागल्या, चालू लागल्या, एकमेकींशी बोलू लागल्या. मी स्वतः माइक हातात धरून पाचशे माणसांपुढे बोलले. त्याआधी मला कुणी 'मॅडम' म्हटलं नव्हतं आणि माझ्यासाठी कुणी उभं राहून टाळ्या वाजवल्या नव्हत्या. एका हॉलमध्ये कोट घातलेल्या माणसाने माझ्या छातीवर पिन लावली, तेव्हा माझे डोळे भरून आले होते. या धंद्यात माणसं लोभापायी येतात असं बाहेरून वाटतं. मी आतून पाहिलं ते सांगते. बहुतेकजण मानासाठी येतात आणि मानासाठीच टिकतात. घरात, नोकरीत, नात्यात जो मान मिळत नाही तो तिथे पहिल्याच आठवड्यात मिळतो. म्हणूनच नुकसान डोळ्यांसमोर असूनही पाय निघत नाही.

आता महिन्याच्या शेवटच्या दिवसाबद्दल सांगते, कारण हा धंदा कळायला तो एक दिवस पुरतो.

आमच्याकडे लेव्हल पॉइंटवर ठरायची. डबा विकला की पॉइंट, खालच्यांनी विकला की त्याचेही पॉइंट. ठरलेले पॉइंट महिन्यात भरले नाहीत तर खालच्यांच्या विक्रीवरचं कमिशन त्या महिन्यापुरतं हातचं जायचं. तीस-एकतीस तारखेला दुपारपासून फोन सुरू व्हायचे. "किती कमी पडतायत? तीनशे? भरून टाक. एवढ्यासाठी लेव्हल घालवतेस का?" रात्री नऊ-दहाच्या सुमाराला मी स्वतःच्या पैशाने माल उचलायचे. तो माल कुणी मागितलेला नसायचा. कंपनीच्या कागदावर मात्र तो 'विक्री' म्हणून जायचा, त्यावर मला आणि माझ्या वरच्यांना कमिशन पडायचं आणि पुढच्या सेमिनारला पडद्यावर आमच्या टीमचा आकडा झळकायचा. डबे आमच्या दिवाणाखाली जायचे. एका उन्हाळ्यात फरशी धुवायला दिवाण सरकवला, तर मागे अकरा डबे निघाले. व्हॅनिला, आंबा, चॉकलेट. सात डब्यांची मुदत संपली होती. मी एकेक डबा फिरवून तारीख वाचत होते आणि आमचे हे दारात उभे राहून बघत होते. ते काही बोलले नाहीत. आतून पोतं आणून दिलं फक्त.

माझ्या खालच्या बायकांच्या दिवाणाखाली काय असेल, हा विचार त्या दिवशी पहिल्यांदा मनात आला. मी कुणालाच विचारलं नाही. विचारायची भीती वाटली.

मग एका सकाळचा प्रसंग. साठीच्या एक काकू माझ्याकडे यायच्या. मधुमेह जुना, गोळ्या चालू. आमच्या मीटिंगमध्ये शुगरवाल्यांचे अनुभव मुद्दाम सांगितले जायचे. 'औषध बंद करा' असं मी कुणाला कधी म्हटलं नाही आणि त्याचं मला समाधानही होतं. काकू गोळ्या नियमित घ्यायच्या. फक्त जेवणाऐवजी दोन वेळा शेक घ्यायच्या, माझ्याच सांगण्यावरून. नवव्या की दहाव्या दिवशी चहाचा कप हातात असतानाच त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागला, बोलणं तुटायला लागलं. दोघींनी धरून त्यांना रिक्षात घातलं आणि चौकातल्या डॉक्टरांकडे नेलं. शुगर चोपन्न. डॉक्टरांनी ग्लुकोज दिलं, काकू सावरल्या. मग डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "गोळी नेहमीएवढीच आणि खाणं निम्मं. हे कुणी सांगितलं यांना?"

मी खाली मान घालून उभी होते. शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या नेहमीच्या खाण्याच्या बेताने दिलेल्या असतात. गोळी तेवढीच ठेवून खाणं कमी केलं तर शुगर खाली कोसळू शकते. एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती आणि मी अंगावर पांढरा एप्रन घालून लोकांच्या पोटाला टेप लावत होते. माझं सगळं प्रशिक्षण दोन दिवसांचं. त्यातलाही दीड दिवस माणसं कशी बोलवायची याचा. संध्याकाळी अपलाइनला फोन केला. त्या म्हणाल्या, "निगेटिव्ह बोलू नकोस. ग्रुपवर टाकू नकोस." मी टाकलं नाही. आजही त्याची लाज वाटते.

तरीही मी सोडलं नाही. सोडलं ते पुढच्या वर्षी, एका फॉर्ममुळे.

माझ्या आरडीच्या घरांपैकी एक बाई डबे करून द्यायच्या, पोळीभाजीचे. मुलीला दहावीनंतर पॉलिटेक्निकला घालायचं म्हणून महिना पाचशेची आरडी चालवत होत्या. अडतीस हप्ते झाले होते. मीच त्यांना प्लॅन दाखवला होता. एकदम माल उचलला तर वरच्या लेव्हलला बसता येतं, सवलत जास्त मिळते, मग तेच डबे विकून पैसे चार महिन्यांत सुटतात, हे मी त्यांना बोर्डावर मांडून दाखवलं होतं. पैसे कुठून आणणार? त्यांनीच सुचवलं, "ताई, आरडी मोडू या का?" पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते. तीन वर्षं झाल्यावर मुदतीआधी मोडता येते, पण व्याज बचत खात्याच्या दराने मिळतं. मला हे पाठ होतं. फॉर्म मी भरला. त्यांच्या सहीच्या जागी फुली करून दिली ती मीच, आणि खाली एजंट म्हणून सहीही मीच केली. एकोणीस हजार रुपये आणि वर थोडं व्याज. त्या दुपारीच माल उचलला.

सात महिन्यांनी मी हप्त्यासाठी त्यांच्या गल्लीत गेले तेव्हा त्यांनी मला आत बोलावलं. पोळ्यांचं पीठ मळून ठेवलं होतं त्या ओट्याखाली खोके होते, सील न फोडलेले. त्या रागावल्या नाहीत. हात पुसत एवढंच म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात म्हणून विचार केला नव्हता, ताई."

त्या रात्री मी दोन हिशेब केले. पहिला मीटिंगच्या बोर्डावरचा. तुम्ही सहा जोडा, ते सहा प्रत्येकी सहा जोडतील. सहा, छत्तीस, दोनशे सोळा, बाराशे शहाण्णव. बोर्डावर हे इथेच थांबतं आणि टाळ्या पडतात. मी आरडीच्या जुन्या कार्डामागे तो पुढे नेला. आठव्या पायरीला १६,७९,६१६ माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या पंधरा लाखांच्या आत होती. अकराव्या पायरीला छत्तीस कोटींवर माणसं लागतात आणि अख्खा महाराष्ट्र त्या जनगणनेत सव्वा अकरा कोटींच्या आसपास होता. म्हणजे रचनेत खाली राहणारी माणसंच कायम बहुसंख्य असणार. ती आळशी होती किंवा त्यांना स्वप्न पाहता आलं नाही, हे आम्ही सांगायचो ते चूक होतं. त्यांच्या खाली जोडायला माणूसच उरलेला नव्हता. डबेवाल्या बाई माझ्या खाली चौथ्या होत्या.

दुसरा हिशेब माझा स्वतःचा. आधीच्या महिन्याचा चेक १८,४०० चा होता. तो मी पाच जणींना मोबाइलवर दाखवला होता. किरकोळ विक्रीवर सुटलेले ६,२०० धरले तर जमा २४,६०० रुपये. आता खर्च. पॉइंट भरायला उचललेला माल ११,५००. गाळ्याचं भाडं ४,५००. गॅस, वीज, दूध, कप २,३००. सेमिनारचं तिकीट आणि प्रवास २,४००. पेट्रोल आणि फोन १,३००. बेरीज २२,०००. हातात उरले २,६००. सकाळचे पाच तास आणि संध्याकाळचे तीन, महिन्याचे सव्वीस दिवस. दोनशे आठ तास. तासाला साडेबारा रुपये. त्याच महिन्यात पोस्टाचं कमिशन ४,८०० आलं होतं, आणि पूर्वी ते साडेआठ हजारांपर्यंत जायचं. फरक पडला होता, कारण माझ्या कितीतरी घरांनी हप्ते थांबवले होते. काहींचे पैसे डब्यांत गेले होते. काहींनी मला पाहून दार लावायला सुरुवात केली होती.

सात वर्षं मी चेक दाखवत फिरले होते. वही मी कुणाला दाखवली नव्हती, स्वतःलासुद्धा नाही.

जून २०१९ मध्ये गाळा सोडला. कंपनीला पत्र लिहून आयडी बंद केला. डबेवाल्या बाईंचे सीलबंद खोके परत करायचे म्हणून चौकशी केली. मुदतीतला माल काही दिवसांत परत घेण्याची सोय होती, पण ते दिवस कधीच उलटून गेले होते. अशी सोय आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मग मी त्यांना कुठून सांगणार? मी त्यांच्या नावाने नवी आरडी उघडली, पाचशेचीच. पहिले अडतीस हप्ते मी भरले. उरलेले बावीस त्यांनी भरले. जून २०२४ मध्ये ती पूर्ण झाली. मुलीची पॉलिटेक्निकची पहिली फी मात्र त्यांना व्याजाने पैसे काढून भरावी लागली होती. त्याची भरपाई मला करता आली नाही.

त्यानंतर मी थोडं वाचलं, थोडं विचारून घेतलं. सरकारने २०१६ मध्येच थेट विक्रीच्या कंपन्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. सभासद होण्यासाठी फी घ्यायची नाही, न खपलेला चांगला माल परत घ्यायची व्यवस्था ठेवायची, असं त्यात स्पष्ट होतं. २८ डिसेंबर २०२१ ला ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम आले. पिरॅमिड पद्धतीच्या आणि पैसे फिरवण्याच्या योजनांना त्यांत मनाई आहे. 'तुम्ही घ्या आणि आणखी गिऱ्हाइकं आणा, म्हणजे तुमचे पैसे वसूल होतील' असं सांगून माल खपवायलाही मनाई आहे. मी डबेवाल्या बाईंना शब्दशः हेच सांगितलं होतं. पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा मूळ कायदा तर १९७८ चा आहे.

डब्यावरच्या लेबलची गोष्ट तशीच. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक दाखवून आम्ही सांगायचो, "बघा, सरकारने मान्य केलंय." तो क्रमांक कंपनीला खाद्यपदार्थ बनवायचा किंवा विकायचा परवाना आहे एवढंच सांगतो. त्या पदार्थाने आजार बरा होतो, असा त्याचा अर्थ होत नाही. उलट आरोग्यपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या लेबलवर 'औषध म्हणून वापरासाठी नाही' अशा अर्थाची ओळ इंग्रजीत छापावीच लागते. ती ओळ सात वर्षं माझ्या हाताखालून जात होती. मी ती एकदाही कुणाला वाचून दाखवली नाही.

आणि किमतीचं काय? माझा डबा पाचशे ग्रॅमचा, १,८५० रुपयांचा. वीस वेळा पुरायचा, म्हणजे एका वेळचे साडेब्याण्णव रुपये. त्यातून प्रथिनं मिळायची नऊ ग्रॅम. दोन उकडलेल्या अंड्यांतून बारा ग्रॅमच्या आसपास मिळतात. चाळीस ग्रॅम शेंगदाण्यांतून दहा. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये निरोगी माणसासाठी वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. वरण, उसळ, दही, मूठभर शेंगदाणे, परवडत असेल तर अंडं, एवढ्यात ती भरता येतात. सगळीच पूरकं निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. रक्त तपासून डॉक्टरांनी बी-१२ किंवा 'ड' जीवनसत्त्व लिहून दिलं तर ते घ्यावंच. आजारपणातून उठलेल्याला, खाणं तुटलेल्या म्हाताऱ्या माणसाला, कसून व्यायाम करणाऱ्याला पावडरीचा उपयोग होतो. पण कुणाला ती लागते हे ठरवणारा माणूस ती विकणारा नसावा. मला शेवटी हेच पटलं.

आता भाच्याची गोष्ट. त्या दुपारी आम्ही कागदाचे दोन भाग केले. त्याची योजना माझ्यापेक्षा बरी होती, हे मी मान्य केलं. फी नव्हती, माल उचलायचा नव्हता, खाली माणसं जोडायची नव्हती. विक्री झाली तर कमिशन, नाही झाली तर काही नाही. पण कंपनीने पोस्टसाठी पाठवलेला मजकूर मी मोठ्याने वाचायला सांगितला. 'थायरॉइड मुळापासून बरा' अशी एक ओळ होती. "तुला थायरॉइड म्हणजे काय ते ठाऊक आहे का?" तो गप्प बसला. अन्नाबद्दल दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी अन्न सुरक्षा कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि २०२३ च्या सरकारी सूचनांप्रमाणे पैसे घेऊन वस्तू सुचवणाऱ्याने तसं स्पष्ट लिहायला हवं, हेही त्याला सांगितलं. ती ओळ काढायची, 'मला यात कमिशन मिळतं' हे लिहायचं, आणि प्रत्येक विक्री वहीत मांडायची, या तीन अटींवर तो दोन महिने करून बघायला तयार झाला.

वहीत मी त्याला एकच रकाना आखून दिला. 'घेणारा कोण?' नातेवाईक, मित्र, की अनोळखी. पहिल्या महिन्यात नऊ डबे गेले. दोन हजारांच्या डब्यावर दोनशे चाळीस, म्हणजे २,१६० रुपये. तो खूश होता. रकाना पाहिला तर सात डबे नात्यात आणि मित्रांत गेले होते. एक माझ्या बहिणीनेच घेतला होता, नुसता त्याला बरं वाटावं म्हणून. दुसऱ्या महिन्यात त्या नऊ जणांपैकी एकानेच पुन्हा मागवला. २४० रुपये. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आला तेव्हा त्याने आपणहूनच सांगितलं, "मावशी, बंद केलं. लोक पावडर विकत घेत नव्हते गं, माझी भीड विकत घेत होते."

सात वर्षांत मला जे कळलं नाही ते त्याला दोन महिन्यांत कळलं, कारण त्याच्याकडे वही होती.

अमेरिकेतही या धंद्याचा प्रश्न शेवटी 'घेणारा कोण?' याच जागी येऊन थांबला. २०१६ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने अशाच साखळीने पोषणपावडरी विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीला वीस कोटी डॉलर भरायला लावले. वर अशी अट घातली की विक्रेत्यांना मिळणाऱ्या मोबदल्याचा किमान दोन तृतीयांश भाग तपासता येईल अशा खऱ्या किरकोळ विक्रीवर आधारलेला असला पाहिजे. म्हणजे प्रश्न एवढाच: ज्याला यातून कमाई करायची नाही, जो तुमचा कुणी लागत नाही, असा माणूस पूर्ण किमतीला ही वस्तू घेतो का, आणि संपल्यावर पुन्हा घेतो का? घेत असेल तर तो धंदा. घेत नसेल तर ओळखीची माणसं एकेक करून खर्ची पडतात, आणि ती परत येत नाहीत.

माझ्याकडे आता नव्वद घरं आहेत. शंभराला चार रुपये मिळतात. जी दारं लागली त्यांतली काही पुन्हा उघडली, काही उघडली नाहीत.

तुमच्या घरात किंवा शेजारात कुणी अशी योजना घेऊन आलं तर त्याला हसू नका आणि हाकलूनही देऊ नका. तो बहुधा तुमच्यावर प्रेम करणारा माणूस असतो, आणि त्यालाही कुणीतरी प्रेमानेच यात आणलेलं असतं. चहा द्या, बसवा, आणि एवढंच म्हणा: चेक नको, गेल्या सहा महिन्यांची वही दाखव. जमा, खर्च, तास आणि घेणाऱ्यांची नावं. वही नसेल तर त्याच दिवशी त्याच्याबरोबर बसून ती लिहायला घ्या. कुणी आधीच पैसे घालून बसलं असेल तर डब्यावरची तारीख आणि परत घेण्याची मुदत आजच पाहायला सांगा, आणि कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर द्या, १९१५. आरडी, सोनं, मुलांच्या फीचे पैसे, यांना मात्र ती वही पुरी होईपर्यंत हात लावू देऊ नका.